इंग्रजी येते का? नागरिकत्वाच्या दारावरची परीक्षा आणि तिचा इतिहास

आमच्या अभ्यासिकेत दर रविवारी सकाळी अकरा वाजता स्पोकन इंग्लिशचा वर्ग भरतो. गेल्या वर्षापासून एक विद्यार्थिनी या वर्गाला फोनवरून बसते. आमच्याच वस्तीतली मुलगी. मराठी माध्यमातून बारावी झाली आणि लग्न होऊन इंग्लंडला गेली. आपल्याकडे अकरा वाजतात तेव्हा तिच्याकडे पहाट असते. ती तिथल्या एका वृद्धाश्रमात काम करते. म्हाताऱ्या इंग्रज बायकांना आंघोळ घालते, त्यांची औषधे सांभाळते, त्यांच्या तक्रारी ऐकून वहीत नोंदवते. हे सगळे इंग्रजीतच चालते. तरी तिचा पहिला प्रश्न होता, "ताई, मला इंग्रजी येतं हे सिद्ध कसं करायचं?"

नवऱ्याकडे जाण्याआधी तिने मुंबईत 'ए-वन' नावाची परीक्षा दिली होती. अडीच वर्षांनी व्हिसा वाढवताना 'ए-टू' दिली. आता कायम वास्तव्यासाठी आणि त्यानंतर नागरिकत्वासाठी 'बी-वन' द्यायची आहे. तिने निवडलेल्या परीक्षेत परीक्षकासमोर सुमारे दहा मिनिटे बोलायचे असते. त्याशिवाय ब्रिटनचा इतिहास, चालीरीती आणि कायदे यांवर २४ प्रश्नांची वेगळी परीक्षा आहे. तीही इंग्रजीतूनच समजून घेऊन द्यायची. त्यात ७५ टक्के गुण हवेत. आणि नागरिकत्वाच्या अर्जाचे शुल्क दीड हजार पौंडांहून जास्त आहे.

वर्गातल्या एका मुलाने लगेच विचारले, "त्यात चुकीचं काय आहे? त्यांच्या देशात राहायचं तर त्यांची भाषा यायला नको का?" प्रश्न रास्त आहे. आपल्यातले बरेच तरुण आज राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्तीवर किंवा केंद्राच्या शिष्यवृत्तीवर परदेशात जात आहेत. त्यांतले काही तिथेच स्थायिक होतील. म्हणून या प्रश्नाचे उत्तर नीट द्यायला हवे, आणि त्यासाठी या परीक्षेची वंशावळ तपासायला हवी.

आधी आमची भूमिका

आम्ही इंग्रजीच्या विरोधात नाही. आंबेडकरी माणूस इंग्रजीच्या विरोधात असूच शकत नाही. सावित्रीबाई फुले यांनी १८५४ साली प्रसिद्ध झालेल्या 'काव्यफुले'त शूद्रातिशूद्रांना इंग्रजी शिकण्याचा आग्रह केला. बाबासाहेबांनी 'मूकनायक' आणि 'बहिष्कृत भारत' मराठीत काढले, आणि जगाशी भांडायची वेळ आली तेव्हा इंग्रजीत ग्रंथ लिहिले. ज्ञानाचे दार ज्यांना हजारो वर्षे बंद होते त्यांच्यासाठी इंग्रजी ही वर चढायची शिडी ठरली.

पण शिडी आणि अडसर या दोन वस्तू वेगळ्या आहेत, मग त्या एकाच लाकडाच्या का असेनात. शिडी माणसाला वर नेते, अडसर त्याला बाहेर ठेवतो. भाषा शिकवणे ही एक गोष्ट झाली. भाषा येत नाही म्हणून हक्क नाकारणे ही दुसरी. या दोहोंत गल्लत करणे सत्ताधाऱ्यांच्या नेहमीच सोयीचे असते. ते कसे, हे इतिहासात पाहू.

नाताळ, १८९७

दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळ वसाहतीत १८६० पासून भारतातून करारबद्ध मजूर नेले जात होते. पहिले जहाज मद्रासहून गेले. उसाच्या मळ्यांत राबायला गेलेल्या या माणसांत दक्षिणेतल्या अस्पृश्य आणि शूद्र जातींचे लोक मोठ्या संख्येने होते. त्यांच्या मागून व्यापारी गेले, आणि गोऱ्यांना भारतीयांची गर्दी खुपू लागली.

अडचण अशी होती, की १८५८ च्या जाहीरनाम्यात व्हिक्टोरिया राणीने आपल्या सर्व प्रजेला समान वागणुकीचे वचन दिले होते. त्यामुळे 'भारतीयांना प्रवेश नाही' असे कायद्यात उघड लिहिणे लंडनच्या सरकारला अडचणीचे होते. नाताळने १८९७ साली तोड काढली. येणाऱ्या माणसाने ठरावीक नमुन्याचा अर्ज युरोपातल्या कोणत्याही एका भाषेच्या लिपीत स्वतः लिहून सही करायची. जमले तर प्रवेश, नाही तर परत. कायद्यात रंगाचा उल्लेख नाही, वंशाचा नाही, देशाचाही नाही. फक्त भाषा.

या कायद्यातली सवलत पाहण्यासारखी आहे. सरकारमान्य योजनेखाली आणलेल्या मजुरांना ही अट लागू नव्हती. म्हणजे करारात बांधला जाऊन ऊस तोडायला यायचे असेल तर युरोपची भाषा लागत नाही. स्वतंत्र माणूस म्हणून यायचे असेल तर लागते. हात हवेत, माणूस नको! गावकुसाबाहेरचा समाज हा न्याय फार पूर्वीपासून ओळखतो.

त्याच वर्षी लंडनमध्ये वसाहतींच्या पंतप्रधानांची बैठक झाली. वसाहतमंत्री जोसेफ चेंबरलेन यांनी इतर वसाहतींनाही नाताळचाच मार्ग सुचवला. इतिहासात याला 'नाताळ सूत्र' म्हणतात.

इथे गांधीजींचीही नोंद घ्यायला हवी. ट्रान्सवालमध्ये त्यांनी प्रवेशबंदीविरुद्ध सत्याग्रह केला, लोक तुरुंगात गेले, हे खरे. पण १९११ च्या सुमारास स्मट्स यांच्याशी जी तडजोड ठरत गेली तिचा आशय असा होता, की कायद्यात वंशाचा उल्लेख नसावा आणि शिक्षणाच्या चाचणीतून वर्षाला सहापर्यंत सुशिक्षित भारतीयांना प्रवेश मिळावा. सहा सुशिक्षितांचा मान राखला गेला. मळ्यात राबणाऱ्या निरक्षराला या सूत्रात जागा नव्हती. परीक्षा असावी की नसावी हा वाद तिथे उरलाच नाही. परीक्षेतून आपल्यापैकी कोण आत जाईल एवढाच उरला.

पन्नास शब्दांचे श्रुतलेखन

नाताळचे सूत्र ऑस्ट्रेलियाने टोकाला नेले. १९०१ च्या कायद्यानुसार बंदरावरचा अधिकारी कोणत्याही आगंतुकाला युरोपातल्या एखाद्या भाषेतला ५० शब्दांचा उतारा सांगून लिहायला लावू शकत असे. भाषा कोणती हे अधिकारी ठरवणार. जपानने नाराजी कळवली तेव्हा १९०५ साली 'युरोपीय' हा शब्द काढून 'विहित केलेली कोणतीही भाषा' असे शब्द घातले. प्रत्यक्षात बदलले काहीच नाही.

१९०२ ते १९०९ या काळात १,३५९ जणांना ही परीक्षा घातली गेली. उत्तीर्ण झाले ५२. आणि १९०९ नंतर एकही माणूस उत्तीर्ण झाला नाही. ही परीक्षा कायद्यातून गेली ती १९५८ साली.

जी परीक्षा पन्नास वर्षांत एकही जण उत्तीर्ण होत नाही, तिला परीक्षा म्हणावे का? १९३४ साली एगॉन किश नावाचे प्राग शहरातले ज्यू, डाव्या विचारांचे पत्रकार हिटलर आणि युद्ध यांच्याविरुद्ध बोलायला ऑस्ट्रेलियात आले. सरकारला ते नको होते. पण गृहस्थ अनेक युरोपीय भाषांत पारंगत, मग अडवायचे कसे? अधिकाऱ्यांनी त्यांना स्कॉटिश गेलिक भाषेत श्रुतलेखन घातले. ते अर्थातच अनुत्तीर्ण. शेवटी तिथल्या उच्च न्यायालयाने या कायद्याच्या अर्थाने गेलिक ही युरोपीय भाषा ठरत नाही असे सांगून त्यांची सुटका केली. माणूस आधी ठरतो आणि त्याला न येणारी भाषा मग शोधली जाते, याचा यापेक्षा ढळढळीत पुरावा कोणता हवा?

आधी शिकू द्यायचे नाही, मग येत नाही म्हणायचे

अमेरिकेतला दाखला नागरिकत्व मिळण्याचा नाही, मिळालेले नागरिकत्व पोकळ करण्याचा आहे. दक्षिण कॅरोलिनात १७४० च्या कायद्याने गुलामांना लिहायला शिकवणे गुन्हा ठरवले होते. पुढे इतर दक्षिणी राज्यांनीही असे कायदे केले. यादवी युद्धानंतर गुलामी गेली, कृष्णवर्णीय नागरिक झाले, पुरुषांना मताधिकार मिळाला. मग १८९० साली मिसिसिपी राज्याच्या नव्या संविधानात अट आली. मतदाराला संविधानातले कलम वाचता आले पाहिजे, किंवा वाचून दाखवल्यावर त्याचा अर्थ सांगता आला पाहिजे. अर्थ बरोबर की चूक हे गोरा अधिकारी ठरवणार.

निरक्षर गोऱ्यांचे काय? त्यांच्यासाठी लुइझियानाने १८९८ साली 'आजोबांचे कलम' काढले. ज्याचा बाप किंवा आजा १८६७ च्या आरंभी मतदार होता, त्याला ही अट माफ. तेव्हा तिथे गुलामांच्या नातवंडांचे आजे मतदार असणे शक्यच नव्हते. हे कलम १९१५ साली सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने गेले, पण वाचनाची परीक्षा १९६५ च्या मताधिकार कायद्यापर्यंत चालूच राहिली.

मित्रांनो, हा डाव आपल्याला नवा आहे का? वेदाचा शब्द कानावर पडू द्यायचा नाही, आणि मग वेद येत नाही म्हणून अधिकार नाही म्हणायचे. ब्राह्मणी शास्त्रांनी याला 'अधिकारभेद' असे भारदस्त नाव दिले. जन्माची अट उघडपणे सांगायची लाज वाटू लागली, की 'पात्रता' हा शब्द पुढे येतो. आजही 'मेरिट'च्या नावाने आरक्षणावर तोंडसुख घेणारे हीच भाषा बोलतात.

ब्रिटनचे स्वतःचे घर

आता आमच्या विद्यार्थिनीच्या देशाकडे परत येऊ. परकीय माणसाला ब्रिटिश प्रजाजन करून घेताना त्याला पुरेसे इंग्रजी आले पाहिजे ही अट १९१४ च्या कायद्यात आली. पण दुसऱ्या महायुद्धानंतर कारखान्यांना माणसे हवी होती. १९४८ च्या कायद्याखाली भारतासारख्या राष्ट्रकुल देशांतून आलेल्या माणसाला सुरुवातीच्या वर्षांत ठरावीक काळ राहिल्यावर नुसत्या नोंदणीने नागरिक होता येत असे. इंग्रजीची अट नव्हती. पंजाबातून गेलेल्या आपल्या दलित बांधवांची पहिली पिढी याच काळात वुल्व्हरहॅम्प्टन, बर्मिंगहॅम, बेडफर्ड भागांत वसली. भट्ट्यांत लोखंड ओतताना त्यांचे इंग्रजी कुणी तपासले नाही. याच लोकांनी पुढे तिथे बुद्धविहार उभे केले आणि आंबेडकर जयंती सुरू केली.

नंतर दार हळूहळू ओढून घेतले गेले. १९८१ च्या कायद्याने इंग्रजी, वेल्श किंवा स्कॉटिश गेलिक यांपैकी एका भाषेचे पुरेसे ज्ञान मागितले, मात्र नागरिकाच्या पती-पत्नीला सूट ठेवली. (ज्या गेलिकने किश यांना अडवले तीच इथे पात्रतेची भाषा!) २००१ च्या उन्हाळ्यात ओल्डहॅम, बर्नली आणि ब्रॅडफर्ड या शहरांत दंगली झाल्या. बंद पडलेल्या गिरण्या, बेकारी, वंशद्वेषी गटांची चिथावणी अशी कारणे समोर होती. पण चर्चा वळली ती 'हे लोक आपली भाषा बोलत नाहीत' याकडे. २००२ च्या कायद्याने पती-पत्नीची सूट गेली. नोव्हेंबर २००५ मध्ये 'लाइफ इन द यूके' परीक्षा सुरू झाली. २०१० च्या अखेरीस जोडीदाराने देशात येण्याआधीच इंग्रजीची परीक्षा द्यावी असा नियम आला. ऑक्टोबर २०१३ पासून नागरिकत्वासाठी ही परीक्षा आणि बोलण्या-ऐकण्याचे 'बी-वन' प्रमाणपत्र, दोन्ही सक्तीची झाली. २०२५ च्या श्वेतपत्रिकेत पातळी आणखी चढवण्याचा प्रस्ताव आहे.

यातून सूट कुणाला? ६५ वर्षांवरच्यांना आणि गंभीर दीर्घ आजार असणाऱ्यांना. हे योग्यच आहे. शिवाय अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, आयर्लंड, जमैका अशा काही देशांच्या नागरिकांना, तिथे बहुसंख्य लोक इंग्रजी बोलतात म्हणून. या यादीत कॅरिबियन देशही आहेत, तेव्हा ती नुसती रंगावर बेतलेली आहे असे आम्ही म्हणणार नाही. पण भारत, नायजेरिया, घाना, केनिया यादीत नाहीत. आपल्या सर्वोच्च न्यायालयाचे कामकाज इंग्रजीत चालते, तरी आपल्या माणसाने पुरावा आणायचा. इंग्रजीतून घेतलेली भारतीय पदवी चालते, पण पैसे भरून तिथल्या संस्थेकडून ती प्रमाणित करून घ्यावी लागते. बाबासाहेबांकडे लंडनची डी. एस्सी. नसती आणि फक्त मुंबई विद्यापीठाची १९१२ ची बी. ए. असती, तर आजच्या नियमाने त्यांनाही आधी तो कागद आणावा लागला असता.

शिडी काढून घेतली, अडसर ठेवला

या साऱ्यामागे खरोखरच लोकांनी भाषा शिकावी ही तळमळ असती, तर सरकारने वर्ग वाढवले असते. झाले उलटे. इंग्लंडमध्ये प्रौढ स्थलांतरितांना इंग्रजी शिकवण्यासाठीचा सरकारी निधी २०१० च्या सुमारास सुमारे २० कोटी पौंड होता, तो २०१६ पर्यंत ९ कोटींवर आला. त्याच २०१६ च्या जानेवारीत पंतप्रधान डेव्हिड कॅमेरॉन यांनी मुस्लिम स्त्रियांना इंग्रजी येत नाही अशी चिंता व्यक्त करून २ कोटी पौंडांची योजना जाहीर केली. अकरा कोटी काढून घ्यायचे, दोन कोटी परत द्यायचे आणि वर उपदेश करायचा.

परीक्षाही खासगी संस्थांच्या हाती गेल्या. त्याचे परिणाम २०१४ मध्ये दिसले. हे प्रकरण विद्यार्थी व्हिसासाठीच्या 'टोइक' नावाच्या इंग्रजी परीक्षेचे आहे, पण धडा तोच आहे. काही केंद्रांवर डमी उमेदवार बसतात हे बीबीसीच्या कार्यक्रमाने उघड केले. फसवणूक झाली होती यात शंका नाही. पण परीक्षा घेणाऱ्या अमेरिकन संस्थेने ५८ हजारांवर परीक्षांपैकी सुमारे ३४ हजार निकाल बाद आणि आणखी २२ हजार संशयास्पद ठरवले. या यादीच्या आधारावर हजारोंचे व्हिसा गेले आणि दोन हजारांहून अधिक जणांना सक्तीने देशाबाहेर काढण्यात आले. यांत भारतीय उपखंडातली मुले मोठ्या संख्येने होती. अनेकजण वर्षानुवर्षे खटले लढून निर्दोष ठरले. न्यायाधीशासमोर अस्खलित इंग्रजीत साक्ष देणाऱ्या मुलाला 'तुला इंग्रजी येत नाही' असे सरकार कागदावरून सांगत होते. वर्गातल्या मुलाच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर इथे आहे. भाषा येणे आणि भाषा येते हे सिद्ध करणे, यांत अंतर आहे, आणि त्या अंतरात गरीब माणूस मरतो.

तिथल्या न्यायालयांनाही याची जाणीव आहे. नोव्हेंबर २०१५ मध्ये जोडीदारांच्या परीक्षेचा प्रश्न ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयापुढे आला. न्यायालयाने नियम रद्द केला नाही. पण ज्यांना परीक्षेपर्यंत पोहोचणेच व्यवहारात अशक्य आहे त्यांना सूट देण्याबाबत सरकारची मार्गदर्शक तत्त्वे फार कडक आहेत, असे मत दिले.

बाबासाहेबांचे उत्तर

उरलेले अर्धे उत्तर बाबासाहेबांनी शंभर वर्षांपूर्वी दिले आहे. सायमन कमिशनपुढे १९२८ साली त्यांनी प्रौढ मताधिकाराची मागणी केली. 'अडाण्यांच्या हाती मत कसे द्यायचे?' हा तेव्हाच्या बहुतेक सुशिक्षितांचा आक्षेप होता. बाबासाहेबांचा युक्तिवाद थोडक्यात असा. निरक्षर म्हणजे निर्बुद्ध हे गृहीतक चूक, आणि साक्षर म्हणजे शहाणा हेही चूक. आपले हित कशात आहे हे राबणाऱ्या माणसाला कळते. शिवाय ज्यांना शिक्षणापासून मुद्दाम दूर ठेवले, त्यांच्यावर शिक्षणाची अट लादणे म्हणजे जुन्या अन्यायावर नवा शिक्का मारणे. हक्क हे शिकल्यानंतरचे बक्षीस नाही. हक्क हातात आला तरच शिक्षण मागता येते.

महात्मा फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे हाच क्रम मांडला होता. वरच्यांना शिकवले की ज्ञान खाली झिरपते हा सरकारी सिद्धांत खोटा आहे, खालच्यांच्या प्राथमिक शिक्षणावर आधी खर्च करा, असे त्यांनी बजावले.

या विचारातून संविधानाचे कलम ३२६ आले. साक्षरतेची अट नाही, भाषेची नाही, मालमत्तेची नाही. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत सतरा कोटींवर मतदार होते, आणि १९५१ च्या जनगणनेत साक्षरता सुमारे १८ टक्के होती. लोकांनी चिन्ह पाहून मत दिले. लोकशाही कोसळली नाही. मिसिसिपीत वाचनाची परीक्षा चालू होती त्याच वर्षांत आपल्या गावकुसाबाहेरची म्हातारी अंगठा उठवणारे बोट शाईने रंगवून घेत होती.

भारताचे नागरिकत्व मागणाऱ्या परदेशी माणसालाही भाषेची अट आहे. १९५५ च्या नागरिकत्व कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीनुसार त्याला संविधानाच्या आठव्या अनुसूचीतली एक भाषा पुरेशी आली पाहिजे. त्या अनुसूचीत आज २२ भाषा आहेत आणि इंग्रजी त्यांत नाही! ही अटही आम्हाला तपासून घ्यावीशी वाटते, पण २२ भाषांतून एक निवडता येते एवढा मोठेपणा तिच्यात आहे.

आणि आपण?

दुसऱ्याच्या दारावरचा अडसर दिसतो, आपल्या दारावरचा दिसत नाही. २०१६ साली महाराष्ट्र सरकारने रिक्षाच्या परवान्यासाठी मराठीची अट घातली, तेव्हा आपल्यातल्या कितीजणांना ती गोड वाटली? मुंबई उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये ते परिपत्रक रद्द केले. पोटासाठी आलेल्या बिहारी दलिताला मराठी शिकवा, जरूर शिकवा. पण त्याच्या भाकरीला भाषेची अट नको.

आपल्या चळवळीतही इंग्रजी बोलणारा कार्यकर्ता मंचावर आणि मराठी बोलणारी बाई सतरंजी उचलायला, असे चित्र अनेक परिषदांत आम्ही पाहिले आहे. कधी कधी आम्हीही ते चालवून घेतले आहे. परदेशातल्या मित्रांना आमची विनंती आहे. तुम्ही परीक्षा सहज उत्तीर्ण व्हाल. 'मला जमले, इतरांना का जमू नये' असे म्हणू नका. ट्रान्सवालच्या त्या सहा जणांत समाधानी राहणे आपले काम नाही.

मागणी साधी आहे. शिकवणे हे राज्याचे कर्तव्य आहे, म्हणून आधी मोफत वर्ग द्या आणि कामाच्या वेळा सांभाळून द्या. वर्षानुवर्षे तिथे राबलेल्या, कर भरलेल्या माणसाचे नागरिकत्व दहा मिनिटांच्या बोलण्यावर टांगू नका. आणि तोपर्यंत आपण आपले काम करू. प्रत्येक विहारात इंग्रजीचा वर्ग हवा, आणि तो फोनवरून परदेशातल्या आपल्या बहिणींनाही खुला हवा. शिकवायला तयार असलेल्यांनी आम्हाला कळवावे.

आमच्या विद्यार्थिनीची परीक्षा पुढच्या महिन्यात आहे. बोलण्यासाठी तिला आवडीचा एक विषय निवडायचा होता. स्वयंपाक, सण, प्रवास असे सोपे विषय आम्ही सुचवले. तिने निवडला चवदार तळे. महाड कुठे आहे, २० मार्च १९२७ ला तिथे काय झाले, पाणी पिण्यासाठी माणसांना मोर्चा का काढावा लागला, हे ती इंग्रज परीक्षकाला सांगणार आहे. गेल्या रविवारी तिने ते आम्हाला म्हणून दाखवले. व्याकरणाच्या दोन-तीन चुका होत्या. अर्थ मात्र सगळ्या वर्गाला कळला.

जय भीम!